वधूवर विभाग कायमचा बंद

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ९.१०

रोजनिशी आजपासून. डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा, बीपी उतरतं. डॉक्टरांना काय जातंय सांगायला.

आरोही काल संध्याकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. मीही तिच्याशी बोलत नाहीये, पण माझं न बोलणं तिच्या लक्षात आलंय असं वाटत नाही. अठ्ठावीस वर्षांची मुलगी, बापाशी अबोला धरते.

झालं ते असं. काल ऑफिसमधून आली आणि चपला न काढताच फोन माझ्यासमोर धरला. गूगलवर तिचंच नाव टाकलेलं. आरोही शशिकांत रेवाळे. पहिलाच रिझल्ट आमच्या वेळकोंड ग्रामस्थ मंडळाच्या वेबसाइटचा. वधूवर विभाग, वधू क्रमांक ११४. मी म्हटलं, वा, पहिला नंबर, भल्याभल्या कंपन्यांना जमत नाही. हे बोलायला नको होतं, असं मनोरमाचं मत. बायकोने नवऱ्याच्या बाजूने बोलण्याचे दिवस गेले.

पान २०२० सालचं. फोटो, उंची, जन्मवेळ, आणि शेवटी 'लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार'. ते तिच्या गोरेगावच्या ऑफिसातल्या मॅडमनी वाचलं. टीम लीडरच्या जागेसाठी आरोहीचा इंटरव्ह्यू २७ तारखेला आहे. मॅडमनी हसत हसत विचारलं म्हणे, तू नक्की राहणारेस ना?

"पप्पा, मला विचारलं होतं का?" आरोही एवढंच म्हणाली आणि आत गेली.

लॉकडाउनमध्ये कोण कुणाला विचारत होतं? आणि ते वाक्य माझं नाही. टायपिंग साइट बनवणाऱ्या दिपेशचं.

संकल्प: तीन दिवसांत वधूवर विभाग बंद. मंडळाचा माहिती तंत्रज्ञान प्रमुख मी. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नाही.

६ जानेवारी, सोमवार. ११.००

साइट तपासली. मुख्य साइट एक आणि तिला जोडलेली सबडोमेन सात. सबडोमेन म्हणजे घर एकच, पण प्रत्येक कामाला वेगळं दार आणि दारावर वेगळी पाटी. वधूवर, क्रिकेट, रक्तदान, स्मरणिका, पाणीयोजना, श्रद्धांजली, महिला आघाडी.

क्रिकेटची टूर्नामेंट एकदाच झाली, तीही सेमीफायनलला भांडणात संपली. गावात नळ येऊन दोन वर्षं झाली, तरी पाणीयोजनेच्या पानावर 'सढळ हस्ते मदत करा' चालूच. महिला आघाडीत एकच फोटो, त्यात मीच मधे उभा.

इतकी दारं काढायची काय गरज होती? दिपेशला अक्कल नाही. मी त्याला सात सांगितली होती. त्याने सातच काढली. तेच म्हणतोय मी, स्वतःचं डोकं वापरायचं की नाही?

निर्णय: श्रद्धांजली सोडून सगळी न वापरातली दारं बंद. श्रद्धांजली ठेवतोय, कारण ती लागणारच.

७ जानेवारी, मंगळवार. १२.३०

दिपेशने पाचव्या प्रयत्नात फोन उचलला. हल्ली पुण्याला असतो. साइट बनवली तेव्हा पेणकरपाड्याला एका खोलीत बसायचा आणि पहिल्या रिंगला 'बोला काका' म्हणायचा.

तो म्हणाला, घाई करू नका. पानावर 'नो-इंडेक्स' अशी सूचना टाका, म्हणजे गूगल ती वाचून पान आपल्या यादीतून काढेल. तोवर गूगलला अडवू नका. मग सावकाश विभाग बंद करा. बंद करताना आधी पाटी काढा, मग जागा सोडा. आणखी दोन-तीन गोष्टी म्हणाला. लिहून घेतल्या नाहीत. समजलेल्या गोष्टी मी लिहून घेत नाही.

८ जानेवारी, बुधवार. ४.१५

काम फत्ते. नो-इंडेक्सची सूचना टाकली. पण नुसत्या सूचनेवर विसंबणारा माणूस मी नव्हे. गूगलला आत शिरायलाच मनाई करणारी एक फाइल असते, तीही टाकली. आत सूचना, बाहेर कुलूप. डबल बंदोबस्त. डिस्पॅचमध्ये तेहेतीस वर्षं काढली, पार्सलला मी नेहमी दोन दोऱ्या बांधायचो.

संकल्प पूर्ण, ठरल्या दिवशी. आरोहीला मेसेज केला. ब्लू टिक आली. उत्तर नाही.

११ जानेवारी, शनिवार. १०.००

अजून दिसतंय. उलट बिघडलंय. आरोहीचं नाव, 'वधू क्रमांक ११४', आणि खाली 'या पानाची माहिती उपलब्ध नाही'. आरोहीने आईमार्फत कळवलं, की आधी नुसतं लाजिरवाणं होतं, आता पोलिसांनी काढून घेतल्यासारखं वाटतंय.

गूगलला मराठीत तक्रार पाठवली. कडक भाषेत. अमेरिकेत बसून आमच्या मुलींची नावं मिरवता, तुमच्या घरी मुली नाहीत का? पोच नाही.

दिपेशचं म्हणणं: "काका, चिठ्ठी घरात ठेवलीत आणि दाराला कुलूप लावलंत. तो ती वाचणार कशी?" मी म्हटलं, तुझ्या लक्षात येतंय का तेच बघत होतो. कुलूप काढलं.

दिपेश म्हणतो, आता आठवडा-दोन आठवडे थांबा. थांबायचं कुणी? इंटरव्ह्यू याचा आहे का?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत. संध्या. ७.४०

घरात हळदीकुंकू. मी बेडरूममध्ये. रागवायचं नाही असं सकाळी ठरवलं होतं. साडेपाचपर्यंत निभावलं.

इंद्रलोक फेज दोनच्या विमलाबाई आल्या होत्या. मूळच्या आमच्याच गावच्या. आरोही तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती. तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, लग्नानंतर नोकरी सोडणारेस ना, साइटवर वाचलं, बरं करतेस, पोरीच्या जातीला धावपळ नको. आरोहीने ताट टीपॉयवर ठेवलं. आत आली, माझ्यासमोरून बॅग काढली, चार कपडे भरले.

मी विचारलं कुठे चाललीस. म्हणाली मिनलमावशीकडे, मीरा रोडला. कधी येणार विचारलं. ते पान गेलं की, म्हणाली.

मनोरमाने वाणाचे स्टीलचे डबे वाटून संपवले आणि मगच मला जेवायला वाढलं. ताट जरा जोरात ठेवलं. संक्रांतीलाही या घरात गोड बोलणारा मी एकटाच.

१५ जानेवारी, बुधवार. ११.२०

आता दया नाही. दिपेशने वधूवर विभाग कुठल्यातरी फुकटच्या सर्व्हरवर ठेवला होता. ते अकाउंटच डिलीट केलं. नक्की का, असं तीनदा विचारलं. तीनदा हो म्हटलं. बायकोनेही मला इतक्यांदा कधी विचारलेलं नाही.

१.३०

मंडळाचे अध्यक्ष आत्मारामभाऊंचा फोन. आम्ही भाईंदर पूर्वेला, ते पश्चिमेला, पण आवाज फोनशिवायही इथे आला असता. त्यांच्या पुतण्याचं, स्वप्नीलचं, वधूवरमधून एका मुलीशी जुळत आलंय. पत्रिका पुन्हा बघायला साइट उघडली तर काहीच नाही. मी म्हटलं, भाऊ, न वापरातले विभाग बंद करतोय. ते म्हणाले, "शशिकांत, तोच एक वापरात होता."

बॅकअप आहे का विचारलं. म्हटलं, अर्थातच आहे.

बॅकअप नाही.

१६ जानेवारी, गुरुवार. ५.००

मनोरमाने माळ्यावरून जुनी फाइल काढली. वधूवरचे सगळे कागदी फॉर्म तिने जपून ठेवले होते, मला न सांगता. स्वप्नीलशी जुळत आलेल्या मुलीचा फॉर्म सापडला. भाऊंना फोटो पाठवला. बॅकअप होता म्हणालो होतो तो हाच.

फाइल मिटता मिटता ११४ नंबरचा फॉर्म निघाला. अक्षर माझं. सगळा फॉर्म काळ्या शाईत, आणि 'लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार' एवढंच निळ्या. पेन संपलं असेल.

मनोरमाने दोन्ही शाया बघितल्या. फॉर्म परत फाइलमध्ये घातला आणि भाजी निवडायला बसली. दिपेशवरचा माझा राग मात्र कायम आहे. त्याने टाइप करताना विचारायला हवं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार. ३.४५

विभाग मेला तरी गूगलवर नाव आहेच. होस्टिंग कंपनीला फोन. चाळीस मिनिटं 'सर, आप लाइन पे बने रहिए'. शेवटी एकाने सांगितलं, गूगलकडे पानं लपवून ठेवायची सोय आहे, साइटच्या मालकाने अर्ज करायचा. अर्ज केला. पर्याय दोन होते: फक्त हे पान, किंवा या पत्त्याने सुरू होणारं सगळं. अर्धवट कामं मला जमत नाहीत. सगळं निवडलं, आणि पत्ता मुख्य साइटचा घातला.

१८ जानेवारी, शनिवार. १०.०५

गेलं. आरोहीचं नाव टाकलं, आमच्या साइटचा मागमूस नाही. अख्ख्या गूगलला नमवलं. आरोहीला स्क्रीनशॉट पाठवला. तिने अंगठा पाठवला. चार दिवसांतला पहिला संवाद.

ती उद्या येईल. मनोरमाला सांगितलं, कोलंबी आण. मनोरमा म्हणाली, ती येते म्हणालीये का? नसत्या शंका.

१९ जानेवारी, रविवार. ८.१५ संध्या.

आरोही आली नाही. कोलंबी आम्ही दोघांनी खाल्ली.

दुपारी आत्मारामभाऊंकडे मंडळाची मीटिंग. अकरा जण, अकराही माझ्यावर. मंडळाचं नाव टाकलं तर काहीच येत नाही, मंडळ बंद पडलं का, असे गावाहून फोन आले म्हणे. मी सुरक्षेचं कारण सांगितलं. तेवढ्यात भाऊंनी वहिनींचा फोन पुढे केला. वहिनींनी वधूवरचा जुना पत्ता सेव्ह करून ठेवलेला. उघडला तर पत्त्यांचा जुगार. 'पहिल्या डावावर बोनस', आणि तोकड्या कपड्यांतली एक बाई डोळा मारतेय. वर पत्ता आमचाच, वधूवर डॉट वेळकोंड.

वहिनींना वाटलं नवीन वधू आहे.

मीटिंगमधूनच दिपेशला फोन लावला. तो म्हणाला, काका, जागा सोडलीत पण पाटी तशीच ठेवलीत, कुणीतरी येऊन तुमच्या पाटीखाली दुकान थाटलं, आधी पाटी काढा असं सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणे. माणसाने दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातली कामाची कोणती, हेही त्यानेच सांगायला नको?

पाटी काढली. जुगार गेला. एकानेही थँक्यू म्हटलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार. १२.००

भाऊंचं फर्मान: मंडळ गूगलवर परत दिसलं पाहिजे. लपवण्याचा अर्ज रद्द केला. ठीक आहे. पण आरोहीच्या बाबतीत मी बचाव करत बसणार नाही. विमलाबाईंसारख्या बायका तोंडाने पसरवतात, त्यांना छापील उत्तर पाहिजे.

जाहीर खुलासा लिहिला. "आमची कन्या कु. आरोही शशिकांत रेवाळे ही लग्नानंतर नोकरी सोडण्यास तयार आहे, असा मजकूर पूर्वी या साइटवर होता. तो मजकूर चुकीचा असून कु. आरोही शशिकांत रेवाळे हिच्याबाबत कोणीही गैरसमज करून घेऊ नये, तसेच तिच्या ऑफिसने याची नोंद घ्यावी." नाव ठळक अक्षरात.

मुख्य पानावर लावला. मग वाटलं, लोक कुठल्या दाराने येतील सांगता येत नाही. उरलेल्या सहाही विभागांत लावला.

आता कशी तोंडं बंद होत नाहीत बघतो.

२३ जानेवारी, गुरुवार. ९.३०

शांतता. खुलाशाचा परिणाम होतोय.

२५ जानेवारी, शनिवार. ११.१०

आरोहीचा फोन. आवाज शांत होता. ती ओरडते तेव्हा मला बरं वाटतं, आपल्यालाही ओरडता येतं.

"पप्पा, श्रद्धांजलीत माझं नाव का आहे?"

मी म्हटलं, ते खुलाशासाठी. ती म्हणाली गूगल करून बघा. केलं. पहिले सात रिझल्ट आमचेच. कु. आरोही शशिकांत रेवाळे, क्रिकेट. कु. आरोही शशिकांत रेवाळे, रक्तदान. तिसरा श्रद्धांजली, त्याच्याखाली जोडलेले हात आणि दिवा. पाचही वर्षांत आमची साइट इतकी वर कधी आली नव्हती.

ऑफिसातल्या एकीने मिनलला फोन करून हळू आवाजात विचारलं म्हणे, आरोही बरी आहे ना?

परवा इंटरव्ह्यू. दुपारचं जेवण गेलं नाही. गूगलचा राग येतोय. ज्याला हे कळत नाही की कुठलं पान काढा म्हणतोय आणि कुठलं दाखवा म्हणतोय, त्याला लोक हुशार म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार. ३.००

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली उभा, आणि आरोही गेटमधून आत आली. झेंड्याला थांबली, राष्ट्रगीत म्हटलं, मग माझ्याआधी वर गेली.

लॅपटॉप घेऊन बसली, फोनवर दिपेश. मला पासवर्ड विचारला. सांगितला. वीस मिनिटांत सहाही खुलासे काढले. मग एकेक विभाग. आधी पाटी, मग जागा. स्मरणिका आणि श्रद्धांजली मुख्य साइटवर आणली. बाकीच्या पत्त्यांना 'हे पान कायमचं काढलंय' असं उत्तर लावलं, आणि गूगलकडे त्या त्या पानाचा अर्ज केला. फक्त त्या पानाचा. दिपेश तिला ताई म्हणत होता आणि ती सगळं वहीत लिहून घेत होती. मी दोन सूचना केल्या. दोघंही थांबले, आणि मग पुढे काम करू लागले.

सगळं झाल्यावर दिपेश म्हणाला, ताई, कोण किती वेळा आलं ते बघायचंय का, जुना रेकॉर्ड माझ्याकडे आहे. मी म्हटलं, काही गरज नाही. आरोही म्हणाली, पाठव.

साइटवर सगळ्यात जास्त उघडलं गेलेलं पान वधू क्रमांक ११४. तेराशे सोळा वेळा. त्यातले बाराशे नव्वद वेळा एकाच कॉम्प्युटरवरून, भाईंदर पूर्व. वेळ सकाळी साडेसात ते आठ.

आरोहीने तो आकडा पुन्हा वाचला. मग दिपेशचा फोन ठेवला.

"पप्पा, हे तुम्ही रोज उघडत होता?"

मी म्हटलं, साइट चालू आहे की नाही बघायला. मनोरमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, खरं सांगा तिला.

सांगितलं. पान टाकून सहा महिने झाले तरी एक फोन नाही. बाकीच्यांच्या मुलींना स्थळं येत होती. रोज सकाळी उघडून बघायचो, कुणी काही लिहिलंय का. मग वाटलं नोकरीमुळे अडत असेल. म्हणून ते वाक्य निळ्या पेनने घातलं आणि दिपेशला पान बदलायला लावलं. त्यानंतरही कुणी आलं नाही. पाच वर्षांत एकही नाही. घरात कुणाला बोललो नव्हतो.

मला वाटलं ती रडेल किंवा ओरडेल. ती म्हणाली, मला कळलं असतं तर मी सांगितलं असतं, मला तेव्हा करायचंच नव्हतं लग्न. आणि आईकडे वळून विचारलं, जेवायला काय आहे.

२७ जानेवारी, सोमवार. ८.५०

गेली इंटरव्ह्यूला. गूगलवर अजून दोन रिझल्ट दिसतायत. मी काही केलेलं नाही. लॅपटॉप मनोरमाने कपाटात ठेवलाय, किल्ली तिच्याकडे. हा काय प्रकार आहे?

३० जानेवारी, गुरुवार. ७.१५ संध्या.

आरोही टीम लीडर झाली. पेढे तिने आणले. मी म्हटलं, साइट साफ झाल्याचा फायदा. ती म्हणाली, मॅडमनी विचारलं त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं होतं की हे वडिलांनी लिहिलंय, मी नाही. त्या म्हणाल्या, माझ्याही वडिलांनी लिहिलं होतं. विषय तिथेच मिटला. पान काढायचं होतं ते ऑफिससाठी नाही, तिला स्वतःला नको होतं म्हणून.

मग पंचवीस दिवस मी कुणाशी भांडत होतो?

२ फेब्रुवारी, रविवार. ४.३०

मंडळाची मीटिंग. ठराव: साइट एकच पानाची राहील, निरोप व्हॉट्सअॅप ग्रुपवर. माहिती तंत्रज्ञान प्रमुख हे पद रद्द. कुणी विरोध केला नाही. मीही हात वर केला होता, पण तो अनुमोदनात मोजला गेला. स्वप्नीलचं लग्न ठरलं, मे महिन्यात. भाऊंनी पत्रिका छापायचं काम मला दिलं होतं, ते वहिनींनी काढून घेतलं.

५ फेब्रुवारी, बुधवार. ७.४०

लॅपटॉप परत मिळाला. सवयीने पत्ता टाइप झाला. 'हे पान कायमचं काढलंय.'

आरोही डबा घेऊन निघाली. दारातून येते म्हणाली. म्हटलं, ये. खिडकीतून बघितलं, नाक्यावर तिला रिक्षा लगेच मिळाली.

चहा झाला. साखर कमी होती. मनोरमाला काही बोललो नाही.